ख्रिस्ती माध्यमात मुलाखतकार व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युवक संघाच्या शिबिरात किंवा रविवारच्या उपासनेनंतर चहा घेताना कोणीतरी बाजूला येऊन म्हणतं, “मला प्रभूसाठी मीडियात काहीतरी करायचंय. टॉक शो वगैरे.” पुढचे प्रश्न नगरला असोत, वसईत असोत की जालन्यात, बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांब आहेत, काही एका ओळीची.

मराठीत असं करिअर खरोखर आहे का?

काम भरपूर आहे, नोकऱ्या फार थोड्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १०.८ लाख होती, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातले मुंबईचे बरेच कॅथलिक घरी इंग्रजी किंवा कोंकणी बोलतात. उरलेले कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, अलायन्स, नाझरीन, साल्व्हेशन आर्मी आणि पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, विभागलेले. केरळात शालोम आणि गुडनेस, तामिळनाडूत माधा आणि एंजल अशी टीव्ही चॅनेलं उभी राहिली, कारण तिथे मागे तेवढा समाज आहे. मराठीत निवेदकाला महिन्याचा पगार देणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील.

म्हणून इथे टिकलेली माणसं बहुधा दोन पायांवर उभी असतात. एक पाय आवाजाच्या किंवा कॅमेऱ्याच्या बाजारातल्या कामात: डबिंग, जाहिरातीचा आवाज, लग्नसमारंभांचं सूत्रसंचालन, आकाशवाणीवरची हंगामी उद्घोषकाची पाळी, एडिटिंग. दुसरा पाय ख्रिस्ती कामात: ध्वनिमुद्रित बायबल, परदेशी कार्यक्रमांचं मराठी निवेदन, मंडळीचं थेट प्रक्षेपण, स्वतःचा मुलाखतींचा कार्यक्रम. पहिल्या पायाची लाज वाटू देऊ नका. बायबलमधला प्रेषित पौलही पोटासाठी तंबू शिवत होता.

हे सगळं अमेरिकेतून आलेलं खूळ नाही का?

टीव्हीवरच्या गप्पांचा साचा तिकडचा आहे, हे खरं. कॅथलिक बिशप फुल्टन शीन १९५२ ते १९५७ अमेरिकन टीव्हीवर फळा आणि खडू घेऊन एकटेच बोलत आणि १९५३ साली त्यांना टीव्हीसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला. मदर अँजेलिका या कॅथलिक जोगिणीने (ननने) १९८१ मध्ये अलाबामातल्या मठाच्या गॅरेजमधून ईडब्ल्यूटीएन हे चॅनेल सुरू केलं. पुढे ती थेट कार्यक्रमात लोकांचे फोन घ्यायची. हजरजबाबी आणि प्रसंगी कडक. हे दोघे मुद्दाम पाहावेत. शीन यांच्याकडून थांबे घ्यावेत आणि मदर अँजेलिकांकडून अनोळखी माणसाचं दुःख ऐकून घेण्याची तयारी.

पण माध्यमातून विश्वासाबद्दल बोलणं ही आपल्याकडची जुनीच गोष्ट आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलं. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या मराठी भागाचे संपादक होते. जेझुइट या कॅथलिक संघाचं ‘निरोप्या’ मासिक १९०३ चं. आणि टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं ते तर आजच्या कार्यक्रमांच्या फार जवळचं आहे. कीर्तनकार गातो, गोष्ट सांगतो, मध्येच समोरच्याला हसवतो, कोपरखळी मारतो, मग मूळ पदावर परत येतो. आपल्याकडचे आजचे ख्रिस्ती निवेदक हे ऐकून शिकत नाहीत, उत्तर भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या प्रसिद्ध प्रचारकाची लकब उचलतात. आवाज फाटेपर्यंत ओरडणं ही मराठी ख्रिस्ती परंपरा नव्हे.

मध्ये रेडिओचा काळही होऊन गेला. फेबा या ख्रिस्ती रेडिओ संस्थेचं केंद्र १९७० ते २००३ हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून शॉर्टवेव्हवर प्रक्षेपण करायचं आणि त्यातले कितीतरी कार्यक्रम भारतीय भाषांत असायचे. आपला एफएम का नाही, असंही पुष्कळ जण विचारतात. खासगी एफएमच्या परवाना धोरणात धार्मिक संस्था आणि त्यांच्या ताब्यातल्या कंपन्या अपात्र आहेत. इंटरनेटवर गर्दी व्हायचं हेही एक कारण.

सेमिनरीतली पदवी लागते का?

सेमिनरीतली, म्हणजे पाळक आणि धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतली, पदवी लागत नाही. पण अडाणी राहूनही चालत नाही. समोर कॅथलिक सिस्टर बसली असताना “तुम्ही मरियेची पूजा का करता?” असं विचारलंत तर मुलाखत तिथेच संपते, कारण प्रश्नातच निकाल आहे. बालकांचा बाप्तिस्मा, बुडी देऊन बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि मिस्सा (कॅथलिकांची उपासना) यांतला फरक, संतांचं स्थान, अन्य भाषांचं वरदान (प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणं) या चार-पाच विषयांत कोणती मंडळी काय मानते हे त्यांच्याच शब्दांत सांगता आलं पाहिजे.

पुणे यासाठी सोयीचं आहे. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, रामवाडीला जेझुइटांचं ज्ञानदीप विद्यापीठ. पूर्ण पदवी घ्यायची नसेल तरी ग्रंथालय आणि छोट्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. शनिवार पेठेतल्या स्नेहसदनला जाऊन बसलात तर वेगवेगळ्या धर्मांची माणसं एकमेकांशी कशी बोलतात तेही पाहायला मिळेल. माध्यमाचं शिक्षण मात्र माध्यमवाल्यांकडूनच घ्या: मुंबईची झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, किंवा जवळच्या कॉलेजातला पत्रकारितेचा वर्ग. एखाद्या स्थानिक वृत्तपत्रात वर्षभर बातमीदारी केलीत तरी खूप झालं. नाव, गाव, तारीख विचारायची सवय तिथे लागते.

मी उपासनेत संदेश (प्रवचन) चांगला देतो. मुलाखत जमेलच ना?

याच समजुतीमुळे आपले बहुतेक कार्यक्रम पडतात. संदेश देणाऱ्याला उत्तर आधीपासून ठाऊक असतं. मुलाखतकाराला ते ठाऊक नसतं, निदान नसावं. संदेश देणारा बोलतो आणि मंडळी “आमेन” म्हणते. मुलाखतीत तुम्ही बोललात तेवढा पाहुण्याचा वेळ गेला. तुमचाच एखादा जुना भाग काढा आणि घड्याळ लावून मोजा, पाहुणा किती बोलला आणि तुम्ही किती. अनेकांना धक्का बसतो.

माझं मत विचाराल तर ख्रिस्ती मुलाखतकाराचा विश्वास त्याच्या ऐकण्यात दिसतो. दर दोन वाक्यांनी बायबलचं वचन सांगणारा निवेदक बघणाऱ्याला विश्वासू वाटत नाही, अस्वस्थ वाटतो. पाहुणी म्हणाली की “त्या रात्री मला देवाचा राग आला होता”, आणि तुम्ही घाईने म्हणालात, “पण देव विश्वासू आहे!”, तर तिच्या तोंडावर दार लावलंत. गप्प बसा. तीन-चार सेकंद जाऊ द्या. पुढचं वाक्य तीच बोलेल, आणि त्या भागातलं सगळ्यात मोलाचं वाक्य बहुधा तेच असेल.

ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचे मुलाखतकारही अभ्यासा. सुधीर गाडगीळ यांच्या मुलाखती पाहा. पाहुण्याचा आब राखून त्याला बोलतं करणं, मोठ्या माणसालाही मध्येच हलका चिमटा काढणं आणि तरी स्वतः मधे न येणं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

साक्षीच्या मुलाखती सगळ्या एकसारख्या का होतात?

कारण साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ती गोष्ट, सांगणाऱ्याने आधी वीस ठिकाणी सांगितलेली असते. त्याचा एक साचा झालेला असतो: आधी मी जगात होतो, दारू होती, भांडणं होती, मग एका भावाने प्रार्थनेला बोलावलं, प्रभूने स्पर्श केला, आता सगळं छान आहे, सगळा गौरव प्रभूला. यात खोटं काही नसतं. पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण तपशील गळून गेलेले असतात. तुमचं काम ते तपशील परत आणण्याचं.

त्यासाठी साधे, जमिनीवरचे प्रश्न विचारा. तेव्हा कुठे राहत होतात? घरात कोण कोण होतं? दारूला पैसे कुठून यायचे? बायकोचं मंगळसूत्र गहाण होतं म्हणालात, ते कोणत्या सोनाराकडे, आणि सोडवलं कोणी? त्या बोलावणाऱ्या भावाचं नाव काय, तो काय काम करायचा? पहिल्यांदा चर्चमध्ये गेलात तेव्हा कुठे बसलात, काय कळलं नाही? “काय कळलं नाही” या प्रश्नाला माणसं खुलून हसतात आणि मग खरं बोलतात.

“आता सगळं छान आहे” याच्याही पुढे जा. दारू सुटली, पण धाकट्या भावाशी बोलणं सुरू झालं का? कर्ज फिटलं का? नसेल, तर तसं सांगू द्या. बघणाऱ्यांतल्या पुष्कळांची प्रार्थना अजून अनुत्तरित असते. चाळीस मिनिटं फक्त मिळालेल्यांच्याच गोष्टी ऐकून त्यांना वाटतं, आपल्यातच काही कमी आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. रेकॉर्डिंगच्या आधी पाहुण्याकडून गोष्ट पूर्ण ऐकू नका. फोनवर मुद्दे घ्या, तारखा घ्या, पण मुख्य प्रसंग कॅमेरा लागेपर्यंत राखून ठेवा. एकदा मनापासून सांगितलेली गोष्ट अर्ध्या तासाने दुसऱ्यांदा सांगताना माणूस “मघाशी म्हटलं तसं” म्हणतो, आणि पहिल्यांदाचा तो आवाज परत मिळत नाही.

पाळकसाहेब एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत. काय करू?

त्यांना वचनातून घरात आणा. “पाळकसाहेब, हे तुम्ही क्षमेबद्दल म्हणालात. मंडळीतल्या कोणाला क्षमा करणं तुम्हाला स्वतःला जड गेलं?” या प्रश्नाला तयार संदेश नसतो. तरीही थांबले नाहीत तर एडिटिंग आहेच. मात्र कापलेला भाग त्यांना आधी दाखवू नका, नाहीतर सगळाच परत जोडायला लावतील.

पाहुण्याने बाप्तिस्मा कधी घेतला हे विचारायला हरकत आहे का?

कॅमेऱ्यासमोर विचारण्याआधी, कॅमेरा बंद असताना विचारा. याचं कारण नव्या निवेदकांच्या लक्षातही येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. शिखांचा समावेश १९५६ ला झाला, बौद्धांचा १९९० ला. दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला तो दर्जा नाही. महाराष्ट्रातल्या, विशेषतः नगर आणि मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांत एक भाऊ कागदावर ख्रिस्ती, दुसरा नाही, आई उपासनेला येते पण दाखल्यावर जुनी जात, अशी गुंतागुंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तुमच्या कार्यक्रमात पाहुण्याने आनंदाने सांगितलेलं एक वाक्य उद्या कोणीतरी त्याच्या मुलीच्या जातपडताळणीत पुरावा म्हणून ठेवू शकतं.

हा दर्जा नाकारणं अन्यायाचं आहे असं मी मानतो, आणि त्यावर स्वतंत्र भाग करावा असंही मानतो. पण तो लढा पाहुण्याच्या डोक्यावर ठेवून लढायचा नाही. त्याला आधी सगळं समजावून सांगा आणि काय राहू द्यायचं, काय काढायचं ते त्याला ठरवू द्या. प्रसारित झाल्यावर सहा महिन्यांनी त्याने “काढा” म्हटलं, तरी काढा. लेखी परवानगी घ्याच, पण तिच्या आड लपू नका. घरी न सांगता उपासनेला येणाऱ्या मुलामुलींचा चेहरा तर दाखवूच नये.

कोणी म्हणालं “प्रार्थनेने माझा कॅन्सर बरा झाला”, तर ते दाखवू का?

माणसाने आपला अनुभव सांगणं आणि तुमच्या कार्यक्रमाने त्याची जाहिरात करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चमत्कारी उपायांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि त्यातल्या रोगांच्या यादीत कॅन्सर, मधुमेह, पक्षाघात आहेत. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणं, त्यावर पैसा मिळवणं हा त्याखाली गुन्हा आहे. अभिषिक्त तेल, प्रार्थना केलेला रुमाल, “या नंबरवर फोन करा आणि आरोग्य मिळवा” असल्या पट्ट्या तुमच्या पडद्यावर कधीही नकोत.

अशा पाहुण्याला हमखास विचारा: उपचार कुठे घेतले, डॉक्टर काय म्हणाले, औषध चालू होतं का, अजून तपासणीला जाता का? खरा अनुभव या प्रश्नांनी डगमगत नाही. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलसारख्या संस्था ज्या समाजात उभ्या राहिल्या, त्या समाजाच्या निवेदकाने औषध आणि प्रार्थना यांची झुंज लावू नये. “गोळ्या फेकून दिल्या” हे वाक्य आलं तर ते कापा. कोणी तरी मधुमेही ते ऐकत असतो.

धर्मांतराचा आरोप झाला तर?

राज्यघटनेच्या कलम २५ ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि २९९ धर्माधर्मांत वैर पसरवणं आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं याबद्दल आहेत, आणि केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेत कोणत्याही धर्मावर हल्ला करणाऱ्या मजकुराला मनाई आहे.

रोजच्या कामात याचा अर्थ सोपा आहे. प्रभूबद्दल जे सांगायचं ते सांगा. दुसऱ्याच्या देवाबद्दल, सणाबद्दल, मूर्तीबद्दल कुत्सित शब्द नको. साक्ष देणाऱ्याने तसा सूर लावला तर तो भाग काढा. कायदा राहू द्या, साक्ष देणाऱ्याच्याच शेजारच्या घरात गणपती बसतो आणि त्याच शेजाऱ्याने त्याच्या आईला रात्री दवाखान्यात नेलेलं असतं. कच्चं, न कापलेलं रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवा. तुमच्याच कार्यक्रमाचे वीस सेकंद कापून कोणी फिरवले, तर मागचंपुढचं तुमच्याकडे हवं.

पैसे कसे मिळतील?

यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास पाहणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. ते झालं तरी मराठी ख्रिस्ती मुलाखतींच्या प्रेक्षकसंख्येत त्यातून घर चालत नाही. मेमरी कार्ड आणि प्रवासखर्च निघाला तरी बरं.

मग देणग्या. इथे सावध राहा. पडद्यावर स्वतःचा यूपीआय क्यूआर लावून “सेवेला हातभार लावा” म्हणणं सोपं आहे, पण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला पन्नास हजार रुपयांच्या वर मिळालेली भेट करपात्र उत्पन्न ठरते, आणि मग सगळी रक्कम मोजली जाते, वरची फक्त नव्हे. काम वाढणार असेल तर ट्रस्ट नोंदवा, वेगळं खातं उघडा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या आणि तो देणाऱ्यांना दाखवा.

परदेशी पैशाची बाजू तर फार जणांना माहीतच नसते. वसईचा भाऊ दुबईत कामाला आहे, पासपोर्ट भारतीय आहे आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याच घरातली बहीण कॅनडाची नागरिक झाली असेल तर तिचे शंभर डॉलरही विदेशी देणगी आहेत, आणि एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेता येत नाहीत. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. शिवाय बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थांना विदेशी देणगी घेण्यालाच मनाई आहे. म्हणजे मुलाखतींच्या कार्यक्रमात “या आठवड्याच्या घडामोडी” असा तुकडा जोडण्याआधी वकिलाला विचारा.

पैशाने काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. ७०० क्लब या कार्यक्रमाचं नावच पैशावरून पडलं. १९६३ मध्ये महिन्याला दहा डॉलर देणारे सातशे लोक हवेत असं आवाहन पॅट रॉबर्टसन यांनी केलं होतं. तोपर्यंत ठीक. त्याच कार्यक्रमातून पुढे आलेल्या जिम बेकर यांनी नंतर स्वतःचं पीटीएल हे टीव्ही साम्राज्य उभारलं, आणि १९८९ मध्ये लोकांच्या पैशाबाबत फसवणूक केल्याबद्दल ते दोषी ठरून तुरुंगात गेले. सुरुवातीला तेही चांगले मुलाखतकार होते.

कार्यक्रमात गाणी आणि बायबलवाचन वापरू शकतो ना?

गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द मुक्त होतात. टिळकांची गीतं त्यामुळे मोकळी आहेत. पण एखाद्या गायकाने गेल्या वर्षी नव्या चालीत गायलेलं रेकॉर्डिंग मोकळं नाही. मंडळीतल्या पेटीवाल्या काकांना आणि दोन गायिकांना बोलावून जुन्या चालीत स्वतः रेकॉर्ड करा. स्वस्तही पडतं आणि ऐकायला बरंही वाटतं. बायबल सोसायटीच्या भाषांतरातले लांब उतारे वाचायचे असतील तर त्यांची परवानगी मागा. पंडिता रमाबाईंचं १९२४ साली छापलेलं भाषांतर मुक्त आहे, मात्र त्याची भाषा आजच्या कानाला सवयीची नाही.

कोणत्या मराठीत बोलू?

तुमच्या. आणि पाहुण्याला त्याच्या. वसईची सामवेदी किंवा वाडवळ बोलणारी आजी कॅमेरा लागला की छापील मराठी बोलू लागते आणि तिथेच तिचा जीव जातो. तिला तिच्या बोलीत बोलू द्या, खाली पट्टी टाका. तुम्ही मात्र “बंधूभगिनींनो, आजच्या या आशीर्वादित क्षणी” यातून बाहेर या.

कॅमेरा कोणता घेऊ?

मोबाईल चालेल. पैसे माईकवर घाला, दोन कॉलर माईक, एक तुम्हाला आणि एक पाहुण्याला. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीजवळ बसा. शेजारी मिक्सर सुरू झाला तर थांबा.

मुलगी असेल तर मंडळी स्वीकारेल का?

काही मंडळ्यांत स्त्रियांनी व्यासपीठावरून शिकवणं आजही चालत नाही. मुलाखत घ्यायला बहुधा कोणी हरकत घेत नाही, आणि त्या फटीतून खूप काही करता येतं. मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी बोलण्याची लाज कधी बाळगली नाही: पंडिता रमाबाई आहेत, लक्ष्मीबाई टिळक आहेत, घरोघर फिरणाऱ्या, आज नावं विसरलेल्या बायबल-बाया आहेत. पाळकाच्या पत्नीशी, नर्सशी, जोगिणीशी, विधवेशी स्त्री जे बोलून घेऊ शकते ते पुरुषाला जमत नाही.

काळजी दोन गोष्टींची. अनोळखी पाहुण्याच्या घरी एकटीने जाऊ नका. आणि कोणी “सेवा आहे, मानधन कसलं?” म्हणालं, तर शेजारच्या पुरुष निवेदकालाही तेच सांगितलंय का, हे विचारून घ्या.

मंडळीतल्या जमिनीच्या, ट्रस्टच्या भांडणांवर बोलावं का?

मिशनच्या जुन्या कंपाउंडांवरचे वाद महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि लोकांना त्यावर ऐकायचं असतं. पण हे बातमीदारीचं काम आहे. धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं, दोन्ही बाजूंची मतं आणि वकिलाची नजर याशिवाय हात घालू नका. एका गटाला बोलावून दुसऱ्याला शिव्या द्यायला लावणं लोक आवडीने बघतात. तुमचा कार्यक्रम त्यानंतर त्या गटाचा होतो.

ख्रिस्ती कार्यक्रमच करायला हवा का? मुख्य प्रवाहात राहून नाही का चालणार?

चालेल, आणि कित्येकांसाठी तेच योग्य. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईचं ‘सुवार्ता’ हे मासिक वर्षानुवर्षं चालवलं आणि त्याच काळात हरित वसईच्या आंदोलनात पाणी, शेती आणि बिल्डरांचं राज्य यांवर ते रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून विरोधही झाला. पण त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले वाचक पुष्कळ होते. ते एका दिवसात मिळत नाहीत. आपल्या समाजाबाहेरच्या माणसांचे प्रश्न आपले मानले तर मिळतात.

तुम्ही एखाद्या वाहिनीवर शेतकऱ्यांच्या मुलाखती घेत असाल, तर ती कमी दर्जाची सेवा नाही. कुणी धर्म विचारला तर सांगा. नाही विचारला तर शेतकऱ्याचं ऐका.

सुरुवात कोणापासून करू?

ऐंशीच्या पुढच्या माणसांपासून. निवृत्त पाळक, मिशन हॉस्पिटलातल्या जुन्या मेट्रन, बोर्डिंगच्या शिक्षिका, बैलगाडीतून पुस्तकं विकणारे प्रचारक, कीर्तनाला साथ करणारे पेटीवादक. त्यांना वेळ असतो, कॅमेऱ्याचं भय नसतं आणि त्यांच्याकडे जे आहे ते कुठे लिहिलेलं नाही. अशा पाच-सहा मुलाखती पूर्ण तयार झाल्यावरच पहिली टाका. एक टाकून मग दुसऱ्याच्या मागे धावलात तर तिसऱ्या महिन्यात थकाल. डिसेंबरात सगळेच नाताळगीतं टाकतात, त्या गर्दीत नव्या कार्यक्रमाकडे कोणी बघत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं घरी असतात, गावाकडे येतात, आजोबांची मुलाखत टीव्हीला जोडून सगळे मिळून बघतात.

प्रत्येक मुलाखतीची एक प्रत पाहुण्याच्या कुटुंबाला द्या आणि एक पूर्ण, न कापलेली, एखाद्या सेमिनरीच्या ग्रंथालयात. तारीख, ठिकाण आणि पाहुण्याच्या गावाचं नाव फाईलवर लिहूनच द्या.